दुवे कमी, तरी गोंगाट?

शेतातील ओलावा किंवा पुलाची कंपने मोजणारे छोटे बिनतारी संवेदक आपल्या नोंदी रेडिओलहरींनी शेजारच्या संवेदकाला कळवतात. लहर जिथवर पोचते तिथवरच्या सर्वांना ती 'ऐकू' येते. दोन लहरी एकाच वेळी आल्या की संदेश बिघडतो, पुन्हा पाठवावा लागतो आणि बॅटरी लवकर संपते. मग दुवे मोजके आणि जवळजवळचे ठेवले की व्यत्यय टळेल, असे आपल्याला वाटते. ते नेहमीच खरे नसते, हे झुरिच येथील स्विस संघीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी २००४ साली दाखवून दिले.

मैदानावर पडताळून पाहा. सहा विद्यार्थी एका रेषेत अनुक्रमे १, २, ४, ८ व १६ पावलांच्या अंतरांनी उभे करा. प्रत्येकाचा आवाज लांबच्या शेजाऱ्यापर्यंतच पोचतो असे माना: दुसऱ्याचा २ पावले, तिसऱ्याचा ४, चौथ्याचा ८, पाचव्याचा १६. पहिल्याला या चौघांचेही आवाज ऐकू येतात. त्याचे काम मात्र एकट्या दुसऱ्याशी!

आता चौथा-पाचवा दुवा तोडून पाचव्याला थेट तिसऱ्याशी जोडा. दुवे पाचच राहिले, उलट नवा दुवा ८ऐवजी १२ पावलांचा झाला. तिसऱ्याला मोठ्याने बोलावे लागते; पण चौथ्याचे काम ४ पावलांत भागते. फळ्यावर तक्ता मांडून मोजा: कोणाच्याच कानी तिघांपेक्षा जास्त आवाज पडत नाहीत.

म्हणून जाळ्याची रचना ठरवताना दुव्याची केवळ लांबी पाहून भागत नाही. त्यापायी किती जणांना व्यत्यय येतो, तेही मोजावे लागते.