आंग्र्यांचे दस्तक

१७२४ च्या ऑक्टोबरात साखरखेर्ड्याजवळ निजामाने मुबारिझखानाला मारले आणि विजयाची खूण म्हणून गावाचे नाव फतेखेर्डा ठेवले. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात इतिहास म्हटला की डोळ्यांपुढे हेच येते: घोडदळ, तोफा, धूळ. त्याच वर्षी कोकणात एक भांडण पत्रांतून चालले होते. मुंबईचा गव्हर्नर विल्यम फिप्स कान्होजी आंग्र्यांना लुटीवर जगणारे ठरवत होता. कान्होजींनी त्याला उलट कळवले की दुसऱ्याचे घेण्याचा लोभ व्यापाऱ्यांनाही सुटलेला नाही, आणि आमची सुरुवात तर चार पातशाह्यांशी लढून राज्य उभारणाऱ्या शिवाजी महाराजांपासून आहे.

सिंदखेडराजाच्या लेकीच्या मुलाने, शिवाजी महाराजांनी, आरमार उभारले, याचा आम्हाला अभिमान वाटतो. पण त्या आरमाराची पुढची, आंग्र्यांच्या काळातली, कहाणी आपल्यापर्यंत आली ती बरीचशी त्याच्या शत्रूंच्या लेखणीतून. इंग्रजांच्या १७२१ च्या कुलाबा किल्ल्यावरच्या मोहिमेत असलेला क्लेमंट डाउनिंग याचे पुस्तक १७३७ मध्ये निघाले. जॉन बिडल्फने १९०७ मध्ये आंग्र्यांवर लिहिले, तेव्हा पुस्तकाच्या नावातच त्यांना ‘मलबारचे चाचे’ करून टाकले. ईस्ट इंडिया कंपनीचे कारकून रोजच्या रोज लिहीत आणि ते कागद लंडनला जपले जात. आंग्र्यांच्या बाजूचे कागद मोडीत, विखुरलेले. त्यामुळे या किनाऱ्यावरच्या चाचेगिरीचा शोध घेताना पहिला प्रश्न पडतो तो असा: हे कोणी लिहून ठेवले, आणि त्याचा किती माल बुडाला होता?

खरे चाचे या समुद्रात होतेच. १६९५ च्या सप्टेंबरात हेन्री एव्हरी या इंग्रजाने औरंगजेबाचे ‘गंज-इ-सवाई’ हे जहाज लुटले. हजहून परतणाऱ्या यात्रेकरूंवर आणि स्त्रियांवर झालेले अत्याचार इतिहासकार खाफीखानाने नोंदवले आहेत. संतापलेल्या मोगलांनी सुरतेच्या वखारीतल्या इंग्रजांना कैदेत घातले. ही झळ केवळ किनाऱ्यापुरती नव्हती. आमच्या मलकापुराजवळच्या बुऱ्हाणपुराचे कापड सुरतेलाच जात असे. बंदरात जहाज अडले की घाटावरचा व्यापारीही हवालदिल होई. एव्हरीमागे ना राज्य होते, ना किल्ला, ना तह. लूट वाटली आणि तो पसार झाला.

कान्होजींचे काम याच्याशी ताडून पाहावे. ते सरखेल होते, म्हणजे आरमाराचे प्रमुख. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने ते शाहू महाराजांच्या बाजूला आले आणि त्यांचे पद व किल्ले कायम झाले. त्यांच्या हद्दीतून जाणाऱ्या जहाजाने दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावे, नाहीतर माल जप्त. ही पद्धत त्यांनी शोधलेली नव्हे. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून ‘कार्ताझ’ नावाचा परवाना विकत आणि तो नसलेले जहाज पकडत. इंग्रजही आपले परवाने देतच होते. मग एकाचा परवाना कायदा आणि दुसऱ्याचा दरोडा कसा?

खरा तंटा मालावरून होता. इंग्रजांची जहाजे सोडायला कान्होजी तयार होते. पण मुंबईचे देशी सावकार कंपनीच्या निशाणाखाली आपला माल पाठवू लागले, तेव्हा त्यांनी तो अडवला. ते सोडते, तर दस्तकाला अर्थच उरला नसता.

तरीही आंग्र्यांना पुतळ्यासारखे गुळगुळीत करू नये. नोव्हेंबर १७१२ मध्ये त्यांच्या आरमाराने मुंबईच्या गव्हर्नरची ‘अल्जेरिन’ नौका पकडली. कारवारच्या वखारीवर निघालेला टॉमस चाउन लढाईत मारला गेला. त्याची तरुण पत्नी कॅथरिन कैदेत पडली आणि फेब्रुवारी १७१३ मध्ये तीस हजार रुपये खंडणी घेऊन तिला सोडले. त्या गरोदर विधवेची भीती कुठल्याही तहनाम्याने पुसली जात नाही. गलबतांवरचे कोळी-भंडारी आणि लुटले गेलेले छोटे नाखवे यांची दु:खे तर कोणाच्याच दप्तरात नाहीत.

इंग्रजांनी बळानेही प्रयत्न केले. १७१८ मध्ये खांदेरीवरचा हल्ला फसला. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून गेले. पेशवे बाजीराव फौजेनिशी धावून आले, पोर्तुगिजांनी वेगळा तह केला आणि इंग्रज हात हलवत परतले. किनारा तेव्हा राहिला, कारण घाटावरचा घोडा त्याच्या मदतीला उतरला.

पस्तीस वर्षांनी हेच उलटे झाले, आणि मला या साऱ्या इतिहासात तेच सर्वांत जिव्हारी लागते. कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानेनात, म्हणून पेशवे नानासाहेबांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसनचे आरमार आणि क्लाइव्हचे सैन्य तुळाजींच्या विजयदुर्गावर आले. तोफगोळ्याने ‘रिस्टोरेशन’ हे आंग्र्यांनी पूर्वी पकडलेले जहाज पेटले आणि त्याच्या आगीत बंदरातले आरमार जळून गेले. सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. तुळाजींचे उरलेले आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेले.

हे नीट समजायचे तर एका भाषेतले कागद पुरत नाहीत. पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्याच्या पोर्तुगीज दप्तरातून मराठ्यांचे संबंध मांडले, सुरेंद्रनाथ सेनांनी कान्होजींच्या सुरुवातीच्या कारकिर्दीचा शोध घेतला, दा. गो. ढबूंनी आंग्रे घराण्याचा इतिहास लिहिला. ही पुस्तके बिडल्फशेजारी ठेवून वाचली की एकाच घटनेची दोन वजने कळतात. एप्रिल १७८३ मध्ये आनंदराव धुळपांनी विजयदुर्गाजवळ इंग्रजांचे ‘रेंजर’ जहाज पकडले. इंग्रज-मराठ्यांमधला साल्बाईचा तह आधीच झालेला असल्याने हे प्रकरण चाचेगिरीचे नव्हे, दोन सरकारांतले ठरले. धुळप पेशव्यांचे आरमारी सुभेदार होते आणि पुण्याचा दरबार अजून शाबूत होता.