लाडाचा पापा आणि तान्हुल्याचा गाल

तान्ह्या बाळाचा पापा घेण्यासाठी आपल्याकडे कुणाची परवानगी लागत नाही. इंदूरच्या मराठी घरांत आजही बाराव्या दिवशी बारसे होते. बाळ पाळण्याच्या वरून-खालून हातोहात फिरते आणि जिच्या हाती जाते ती त्याच्या गालाला ओठ लावतेच. पुढच्या आठवड्यात लाल गालांची अशी बाळे माझ्या दवाखान्यात येतात. आजी म्हणते, दृष्ट लागली. आई स्वतःच्या खाण्याला दोष देते.

बहुतेक वेळा कारण साधे असते. बाळाच्या त्वचेचा सर्वांत वरचा थर मोठ्यांच्या तुलनेत सुमारे ३० टक्के पातळ असतो. वडिलांच्या दोन दिवसांच्या दाढीचे खुंट त्यावर घासले गेले, की गाल लाल आणि खरखरीत होतो. लिपस्टिक, सुगंधी क्रीम, सतत पाझरणारी लाळ यांनीही तसेच होते. कोमट पाण्याने पुसावे, न घासता टिपावे, साधी पेट्रोलियम जेली लावावी. एकदोन दिवसांत गाल पूर्ववत होऊ लागतो. हळद-बेसन नको आणि घरातील कपाटात पडून असलेले स्टेरॉइडमिश्रित मलम तर मुळीच नको.

मात्र एका पाप्याची गोष्ट निराळी आहे. ओठाच्या कडेला पाणीदार फोड आले, की ‘उष्णता बाहेर पडली’ असे आपण म्हणतो. पुष्कळदा तो हर्पिस सिम्प्लेक्स विषाणू असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतील ६४ टक्के लोकांच्या शरीरात त्याचा पहिला प्रकार वास करतो. मोठ्यांना तो चार दिवस त्रास देतो. नवजात बाळाच्या मात्र यकृतापर्यंत आणि मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. नवजातांना हा संसर्ग बहुतांशी प्रसूतीच्या वेळी होतो. परंतु सुमारे दहापैकी एका बाळाला तो जन्मानंतर, जवळच्या माणसाकडून होतो.

म्हणून पहिल्या सहा आठवड्यांत बाळाच्या अंगावर पाण्याने भरलेले, पुंजक्याने आलेले फोड दिसले, तर मलम शोधत बसू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. बाळ दूध ओढेनासे झाले, मलूल पडले, झटके आले, तर फोड नसले तरीही थांबू नये. तापाची वाट पाहू नये. तो येईलच असे नाही. शिरेवाटे दिले जाणारे असायक्लोव्हिर १४ ते २१ दिवस चालते, आणि ते जितक्या लवकर सुरू होईल तितके बाळ वाचण्याची आशा अधिक.

आपल्या पूर्वजांनी सोयराचे दहा दिवस पाळले. त्यामागची भावना धार्मिक असली, तरी तेवढे दिवस बाळ परक्या ओठांपासून दूर राहत असे. आज सोयर सैल झाले आहे. विषाणू मात्र बाराव्या दिवशी निघून जात नाही.

ओठावर फोड असलेल्याने, मग ती आजी असो वा स्वतः आई, खपली पडून त्वचा पूर्ण भरेपर्यंत पापा घेऊ नये. आईने हात धुऊन, तोंड झाकून बाळाला अवश्य पाजावे. फोड स्तनावर असेल तर त्या बाजूने पाजू नये. ओठ स्वच्छ दिसले तरी विषाणू लाळेतून बाहेर पडू शकतो. म्हणून पाहुण्यांनी चेहरा सोडावा, धुतलेल्या हातांनी इवल्या पावलांना स्पर्श करावा.

हे पाहुण्यांना सांगणे सुनेला जड जाते. घरातील वडीलधाऱ्यांनी ते काम आपल्याकडे घ्यावे. आजीने म्हटले, तर कुणी रागावत नाही.