सूचिकाराची विद्वत्ता

ग्रेस यांच्या कवितेवर इंग्रजीत लेख लिहिला गेला आणि उद्या एखाद्या अभ्यासकाने संगणकात नुसता ‘ग्रेस’ शब्द टाकून तो शोधला, तर त्याच्यापुढे ईश्वरी कृपेवरच्या आणि शरीराच्या डौलावरच्या मजकुराचा ढीग येईल. नागपूरचे कवी माणिक गोडघाटे त्या ढिगात हरवून जातील. ‘नटसम्राट’वरचा लेख शिरवाडकरांच्या नावावर आणि ‘विशाखा’वरचा कुसुमाग्रजांच्या नावावर असतो, दोन्ही नावांमागे माणूस एकच, हे ज्याला ठाऊक आहे त्यानेच ते कुठेतरी लिहून ठेवावे लागते. हे लिहून ठेवण्याचे काम म्हणजे सूचीकाम. त्याला कारकुनी समजण्याची सवय विद्यापीठांत जुनी आहे. ती चुकीची आहे, आणि अमेरिकेतील मॉडर्न लँग्वेज असोसिएशनने सूचिकारांसाठी ठेवलेली फेलोशिप याचा चांगला दाखला आहे.

ही संस्था १८८३ साली स्थापन झाली. १९२१ या वर्षातील संशोधनाची पहिली सूची तिने १९२२ मध्ये आपल्या नियतकालिकात छापली. आरंभी तिच्यात फक्त अमेरिकी अभ्यासकांचे लेखन असे. १९५६च्या सूचीपासून इतर देशांतील संशोधनही येऊ लागले. आज साहित्य, भाषाविज्ञान आणि लोकसाहित्य या विषयांतील लाखो लेख व ग्रंथ तिच्यात नोंदलेले आहेत. कार्यालयातील कर्मचाऱ्यांच्या जोडीला ठिकठिकाणचे अभ्यासक या नोंदी करतात. त्यांच्यापैकी काहींना तीन वर्षांची फेलोशिप मिळते. आधी प्रशिक्षण, मग नेमून घेतलेल्या नियतकालिकांतील लेखांच्या नोंदी, असा तिचा क्रम असतो. लेखक, शीर्षक आणि पृष्ठे लिहिली की नोंद संपत नाही. लेख कोणत्या भाषेतील साहित्याबद्दल आहे, कोणत्या कालखंडाचा, कोणत्या कृतीचा, कोणत्या साहित्यप्रकाराचा, त्यातला आशय कोणता आणि विवेचनाची पद्धत कोणती, हे ठरलेल्या संज्ञांत सांगावे लागते. त्यासाठी लेख समजावा लागतो आणि त्याच्या मध्यभागी काय आहे याचा निर्णय घ्यावा लागतो. निर्णय आला की विद्वत्ता आलीच.

यावर पहिला आक्षेप असा, की आता सगळा मजकूरच शोधता येतो, मग माणूस कशाला? शोधयंत्र लेखात असलेले शब्द चटकन दाखवते आणि त्याचा उपयोग मोठा आहे. यंत्रे अर्थाचा अंदाजही बांधू लागली आहेत. पण जात्यावरच्या ओव्यांवरील लेखाचे शीर्षक एखाद्या रूपकात दडलेले असते, आणि एखाद्या लेखात ओवीचा शंभरदा उल्लेख येऊनही त्याचा खरा विषय स्त्रियांचे श्रम असतो. उल्लेख आणि विषय यांतला फरक कोणीतरी जबाबदारीने ठरवावा लागतो. चुकला तर त्याला विचारता यावे लागते. यंत्राचा अंदाज तपासायलाही तो विषय जाणणारा वाचकच हवा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मानधन अल्प आणि काम वेळखाऊ. तेव्हा ही सन्मानाच्या नावाखाली करून घेतलेली वेठ नव्हे काय? विद्यापीठ बढतीच्या वेळी हे काम जमेस धरत नसेल, तर आक्षेप खरा ठरतो. मात्र त्यावरचा उपाय फेलोशिप बंद करणे हा नाही. तिने कामाला मुदत, प्रशिक्षण आणि नाव दिले आहे. या कामाला संशोधनाचे मोल देणे ही विद्यापीठांची बाजू आहे, आणि ती त्यांनी उचलली पाहिजे.

तिसरा आक्षेप भाषांच्या असमतोलाचा. न्यूयॉर्कमध्ये चालणाऱ्या सूचीत मोठ्या युरोपीय भाषांचे पारडे जड असणारच. पण ज्या भाषेचा वाचक नोंदीला बसतो ती भाषा सूचीत दिसते, म्हणून लहान भाषांच्या अभ्यासकांना अशा फेलोशिपची गरज अधिक आहे. मराठीला ही गोष्ट नवी नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या मुद्रित मराठी ग्रंथांची वर्गीकृत सूची केली, पुढच्या भागात ती १९५० पर्यंत आणली, आणि मराठी ग्रंथांचा कोणताही गंभीर अभ्यासक आजही तिच्याकडे वळतो. पण दात्यांसारखी चिकाटी दर पिढीत जन्मेल या भरवशावर भाषेने राहू नये. ‘मराठी संशोधन पत्रिका’ किंवा ‘भाषा आणि जीवन’ यांसारख्या एकेका नियतकालिकाची विषयवार नोंद तीन वर्षांसाठी एकेका तरुण अभ्यासकाकडे सोपवणे आणि ते काम त्याच्या नावे जमा करणे आपल्या मराठी विभागांना सहज शक्य आहे. असे झाले, तर ग्रेस यांच्यावर लिहिणाऱ्या पुढच्या अभ्यासकाला आधीचे लेखन मिळेल, आणि त्याला आरंभ शून्यातून करावा लागणार नाही.