सेहेचाळीस कशाचे?

बार्शीच्या माणसाला कुर्डुवाडी समजावून सांगावी लागत नाही. १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली, तेव्हा तिचे रूळ अडीच फुटी आणि मेन लाइनचे साडेपाच फुटी. बार्शीहून निघालेला माल कुर्डुवाडीला उतरवायचा आणि मोठ्या डब्यात चढवायचा. दोन्हीकडच्या गाड्या कितीही नीट चालोत, माल खोळंबला तर तो त्या फलाटावर. इंटरनेटवरही अशा कुर्डुवाड्या असतात. त्यातली एक कशी सापडली, ते आठवलं की मी आजही थक्क होतो.

जुलै २००४. लिनक्सचं कर्नल, म्हणजे संगणकाचा सगळा कारभार चालवणारा गाभा, २.६.८ या आवृत्तीकडे निघालं होतं. चाचणीची आवृत्ती टाकलेल्या काही जणांचं नेट एकाएकी रांगू लागलं. तेही सगळं नाही. एक साइट झटकन उघडायची, दुसरी उघडता उघडेना. जुनं कर्नल परत लावलं की सगळं सुरळीत. केबल ठीक, कार्ड ठीक, पिंग मारावं तर उत्तर लगेच हजर.

नेटवर माल घेणारं यंत्र पाठवणाऱ्याला सारखं सांगत असतं: आत्ता माझ्याकडे एवढी जागा आहे, तेवढंच पाठव. या आकड्यासाठी पाकिटात १६ बिटांचा रकाना असतो. त्यात ६५,५३५ च्या पुढचा आकडा मावत नाही. तारा लांब आणि वेगवान झाल्या, तशी ही जागा अपुरी पडू लागली. १९९२ साली तोड निघाली. रकाना तसाच ठेवायचा, फक्त बोलणं सुरू होताना सांगून टाकायचं की माझा आकडा इतक्या वेळा दुप्पट करून वाचा. सात म्हटलं तर १२८ पट. चौदापर्यंत जाता येतं, म्हणजे एक अब्जाहून थोडे जास्तच बाइट! जुन्या घराची एकही भिंत न पाडता केवढी मोठी खोली काढली. मला ही युक्ती फार देखणी वाटते.

पण ती खूण एकदाच सांगायची असते, पहिल्या पाकिटात. समजा, बार्शीच्या आडत्यानं मुंबईच्या पेढीला पहिल्या चिठ्ठीत कळवलं, 'यापुढे माझे आकडे पोत्यांचे.' वाटेत कुणीतरी ती ओळ खोडून 'शेर' लिहिलं. पुढच्या चिठ्ठीत आडत्या लिहितो, '४६ पाठवा.' पेढी सेहेचाळीस शेर ज्वारी बांधून पाठवते. दोघंही खरं बोलतायत, दोघांचाही हिशेब बरोबर आहे.

नेटवर नेमकं हेच घडलं. वाटेतले काही सदोष राउटर पहिल्या पाकिटातल्या साताचं शून्य करून टाकत. घेणाऱ्याच्या मनात ४६ गुणिले १२८, म्हणजे ५,८८८ बाइट. पाठवणाऱ्याला दिसायचे नुसते ४६ बाइट. एका फेरीला सेकंदाचा पाचवा भाग लागतो असं धरा. लाख बाइटांचं पान ५,८८८ च्या हप्त्यांनी साडेतीन सेकंदांत येईल. ४६ च्या हप्त्यांनी सव्वासात मिनिटं!

जुन्या कर्नलला हा दोष कधी जाणवला नाही, कारण तेव्हा मुळात शून्यच सांगितलं जायचं, आणि शून्याचं शून्य करून काय बिघडणार? पिंगच्या पाकिटात तर जागेचा रकानाच नसतो. २००६ साली २.६.१७ आलं, जागेची कमाल मर्यादा वाढली, गुणाकाराची खूणही मोठी झाली आणि तेच दुखणं पुन्हा वर आलं.

शोधायचं कसं? इथं मला खरी गंमत वाटते. टीसीपीडंप, म्हणजे येणारी-जाणारी पाकिटं दाखवणारा प्रोग्रॅम, लावून एकाच टोकाला बसलात, तर ही खोडाखोड दिसत नाही. इथून 'सात' गेलेलं स्वच्छ दिसतं. त्याच वेळी पलीकडच्या यंत्रावरही ते लावावं लागतं आणि दोन्हीकडचं तेच पहिलं पाकीट शेजारी शेजारी ठेवून वाचावं लागतं. इकडे सात, तिकडे शून्य. बाकी मजकूर जिथल्या तिथे.

पलीकडचं यंत्र हाताशी नसेल तर विंडो स्केलिंग, म्हणजे ही गुणाकाराची युक्तीच, बंद करून पाहायचं. अडलेलं पान तत्काळ उघडलं, तर खोडाखोड वाटेतच होते आहे. मात्र ते तसंच बंद ठेवलं तर पुन्हा ६५,५३५ चं कुंपण आलं. म्हणून तो राउटरच दुरुस्त करायचा किंवा बदलायचा. कुर्डुवाडी-लातूर मार्गावरचे अडीच फुटी रूळही अखेर २००८ पर्यंत उखडले गेले आणि बार्शीचा डबा थेट मेन लाइनला लागला.