फोकस स्टॅकिंग: छिद्र किती उघडं ठेवायचं?

मंडळी, आज टेबलावर एक वाळलेला शेणकिडा ठेवलाय. लांबी साधारण १८ मिलिमीटर. समोरून पाहिलं, तर डोक्याच्या कडेपासून पाठीच्या फुगवट्यापर्यंत सुमारे ९ मिलिमीटर खोली आपल्याला स्पष्ट हवी आहे. किडा जेवढा आहे तेवढाच सेन्सरवर उमटवायचा ठरवला, म्हणजे एकास एक, तर एफ/५.६ ला धारदार दिसणारा थर जेमतेम अर्धा मिलिमीटर भरतो. उरलेला किडा धूसर.

मग कुणीही म्हणेल, छिद्र बारीक करा, एफ/१६ लावा, एफ/२२ लावा. आमचा आक्षेप इथेच आहे. एकास एकवर लेन्सचा आकडा व्यवहारात जवळपास दुप्पट होतो. एफ/१६ हे एफ/३२ सारखं वागतं. (निकॉनचे कॅमेरे त्यांच्या मॅक्रो लेन्सवर हा बदललेला आकडाच दाखवतात, बरेच इतर मूळचा दाखवतात. दोन मित्र आकड्यांवरून भांडत असतील तर आधी एवढं तपासा.) बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो. एफ/१६ लावल्यावर एका बिंदूची सुमारे ४३ मायक्रॉनची चकती होते. फुल-फ्रेम, २४ मेगापिक्सेल सेन्सरचा एक पिक्सेल साधारण ६ मायक्रॉनचा. म्हणजे बिंदू सात पिक्सेलवर सांडला. एफ/५.६ ला तीच चकती १५ मायक्रॉनची असते.

फरक नीट लक्षात घ्या. खोली कमी पडली तर ती अनेक चित्रांतून गोळा करता येते. पण पायावरचा केस प्रकाशाच्या पसरण्यात विरघळला, तर तो कुठल्याच चित्रात नसतो. सॉफ्टवेअर प्रत्येक चित्रातला स्पष्ट भाग निवडतं. मुळात नसलेला केस ते कुठून आणणार? म्हणून आम्ही एकास एकवर एफ/५.६ च्या आसपास थांबतो आणि त्याची किंमत चित्रांच्या संख्येत मोजतो.

ती किंमत किती? थर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडा कमीच धरू आणि शेजारचे थर एकमेकांवर चढायला हवेत म्हणून ०.३ मिलिमीटरचं पाऊल घेऊ. ९ मिलिमीटरला ३१ चित्रं, पुढे-मागे दोन-दोन जादा, म्हणजे पस्तीस. कॅमेऱ्यातल्या फोकस ब्रॅकेटिंगमधला पावलाचा आकडा मात्र मिलिमीटर नसतो. एक पट्टी तिरकी ठेवून तिचे फोटो काढा, कुठला आकडा किती सरकतो ते कळेल. दोन थरांमध्ये फट राहिली तर किड्याच्या पाठीवर धूसर पट्टे दिसतात, आणि ते नंतर पुसता येत नाहीत.

बाकीच्या सेटिंग्जचं सूत्र एकच. तर्कशास्त्राच्या वर्गात आम्ही मिलची व्यतिरेक पद्धती शिकवायचो: एक गोष्ट बदला, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवा. इथे बदलायचा तो फक्त फोकस. म्हणून एक्सपोजर मॅन्युअल, व्हाइट बॅलन्स ठरलेला, आयएसओ १००, फाइल रॉ. ऑटो आयएसओ सुरू राहिला तर चित्रागणिक उजेड बदलतो आणि जोडताना ठिगळं दिसतात. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट असेल तर स्थिरीकरण बंद. फ्लॅश वापरत असाल तर तोही मॅन्युअल, आणि दोन चित्रांमध्ये त्याला पुन्हा भरायला वेळ द्या. घरच्या एलईडीखाली इलेक्ट्रॉनिक शटरने चित्रावर आडवे पट्टे येऊ शकतात. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, तेव्हा १/५० किंवा १/१०० ठेवून पाहा.

हे सगळं न हलणाऱ्या वस्तूसाठी. कासच्या पठारावर वाऱ्यात डोलणाऱ्या सीतेच्या आसवांवर पस्तीस चित्रांचा हट्ट कशाला? तिथे एफ/११, एकच चित्र, आणि जे धूसर राहील ते राहू द्या.

एक शंका नेहमी येते: हे चित्र खरं का? असं एका क्षणी कुणी पाहिलेलं नसतं, हे कबूल. पण प्रत्येक स्पष्ट भाग कुठल्यातरी एका चित्रात होता, तोवर आम्हाला अडचण वाटत नाही. अडचण येते ती पाय एकमेकांवर येतात तिथे. सॉफ्टवेअर कडेला भुताटकीसारखी दुहेरी रेघ काढतं. किडा ओळखण्यासाठी फोटो जाणकाराला पाठवणार असाल, तर जोडलेल्या चित्राबरोबर ती मूळ पस्तीसही पाठवा. रेघ केसाची की सॉफ्टवेअरची, हे त्यांतच शोधता येतं.