‘काका, आता या वयात नवी भाषा?’

चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतील एका मशीन शॉपची कल्पना करा. शॉपमधील सर्वांत अनुभवी सीएनसी प्रोग्रॅमर पन्नाशीला टेकलेला आहे. वीस-बावीस वर्षे त्याने फॅनुकच्या कंट्रोलरवर प्रोग्रॅम लिहिले. ड्रॉइंग हातात पडले, की कोणते टूल आधी लावायचे, कट किती खोल घ्यायचा, फीड किती ठेवायचा, हे त्याला फारसा विचार न करता सुचते. एक दिवस नवी लेथ येते आणि तिच्यावर सीमेन्सचा सायन्युमेरिक कंट्रोलर असतो. तरुण मालक म्हणतो, “काका, पंधरा दिवसांत जमवून टाका.”

काका मान डोलावतात आणि त्या मशीनच्या वाटेला जात नाहीत. कधी जुन्या मशीनवरचा जॉब अर्जंट असतो, कधी मॅन्युअल सापडत नाही, कधी “आधी पोरांना शिकू द्या” असे म्हणून वेळ मारून नेली जाते. दोन आठवड्यांनी झोप उडते, छातीत धडधड सुरू होते. तपासणीत ईसीजी नॉर्मल येतो. मग खरे कारण बाहेर पडते, “डॉक्टर, आता डोकं चालत नाही पहिल्यासारखं.”

डोके चालत नाही, हे खरे असते का? बहुतेक वेळा नाही. अडचण वेगळ्याच ठिकाणी असते.

शब्द तोच, अर्थ दुसरा

मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे दंड, हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. संभाजीनगरात दोन्ही भाषा रोज कानावर पडतात, म्हणून इथे सहसा गोंधळ होत नाही. नवख्याचा होतो. प्रोग्रॅमिंगच्या भाषांतही असेच चकवे असतात. फॅनुकच्या लेथवर ‘जी७१’ म्हणजे रफ टर्निंगची सायकल. सायन्युमेरिकच्या मूळ भाषेत ‘जी७१’ म्हणजे मापे मिलिमीटरमध्ये आहेत एवढीच सूचना. फॅनुकमध्ये अर्धविरामाने ओळ संपते, तर सायन्युमेरिकमध्ये अर्धविरामानंतरचा मजकूर हा माणसांसाठीचा शेरा समजून मशीन सोडून देते.

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह केलेला एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. अनुभवी प्रोग्रॅमरना दुसरी भाषा शिकताना काय जड जाते, हा त्याचा विषय होता. जुन्या भाषेचे ज्ञान पुष्कळदा मदत करते, पण तेच मध्येमध्ये आडवेही येते, असे त्यात दिसले. म्हणजे काकांच्या चुका विसरभोळेपणाच्या नसतात. जुने इतके पक्के बसलेले असते, की ते आधी हजर होते.

निष्णात माणूस नवखा का होतो?

विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये बुद्धिबळपटूंवर प्रयोग केले. खऱ्या डावातील पट पाच सेकंद दाखवून झाकला, की निष्णात खेळाडू त्यातील बहुतेक सोंगट्या आठवून मांडत असे. नवख्याला थोड्याच जमत. मात्र सोंगट्या कशाही विखरून ठेवल्या, की निष्णाताची ही आघाडी जवळपास संपत असे. त्याची स्मरणशक्ती अचाट नव्हती. वर्षानुवर्षांच्या सरावाने त्याच्या डोक्यात सोंगट्यांच्या ओळखीच्या मांडण्यांचे गठ्ठे तयार झाले होते.

आपल्या कार्यकारी स्मृतीत एका वेळी जेमतेम तीन-चार गोष्टी मावतात. काका जुन्या भाषेत पाहतात तेव्हा दहा ओळींचा एक गठ्ठा होतो. नव्या भाषेत तो सुटतो, आणि प्रत्येक ओळ, प्रत्येक चिन्ह सुटे-सुटे धरून ठेवावे लागते. म्हणून दहा मिनिटांत थकवा येतो. हा म्हातारपणाचा थकवा नव्हे, शिकाऊ माणसाचा आहे. पंचविशीतल्यालाही तो येतो. त्याला फक्त गमावण्यासारखे काही नसते. काकांना मात्र काल ज्याला शिकवले, त्याच मुलाला आज बटण विचारायचे असते.

दुखते ते सुरुवातीआधी

शिकागो विद्यापीठात संशोधन करताना इयान लायन्स आणि शान बायलॉक यांनी गणिताची धास्ती असलेल्या लोकांच्या मेंदूचे स्कॅन केले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहेत. ‘आता गणित येणार’ हे कळताच, धोका आणि वेदना यांच्याशी निगडित भागांत हालचाल वाढली. प्रत्यक्ष गणित सोडवताना तसे दिसले नाही. हा अभ्यास गणिताचा होता, प्रोग्रॅमिंगचा नव्हे. तरी टाळाटाळ करणाऱ्याला यातली खूण ओळखीची वाटेल.

‘उद्या बघू’ म्हटले की लगेच सुटल्यासारखे वाटते. ही सुटका मेंदूला बक्षिसासारखी असते, म्हणून टाळण्याची सवय लागते आणि रोज धास्ती थोडी वाढते. ती सुरुवात केल्यानेच उतरते.

राहिला प्रश्न वयाचा. हॅम्बुर्ग येथील संशोधकांनी साठीच्या आसपासच्या लोकांना तीन महिने तीन चेंडू झेलण्याचा खेळ शिकवला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ज्येष्ठांचे कौशल्य तरुणांइतके झाले नाही, पण जे शिकले त्यांच्या मेंदूच्या करड्या भागात वाढ दिसली. वेळ जास्त लागतो, दार बंद होत नाही. ‘माझं गणित कच्चं’ ही सबबही फार टिकत नाही. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या २०२० मधील अभ्यासात नवशिक्यांनी पायथन ही भाषा किती वेगाने आत्मसात केली, याचा संबंध आकडेमोडीपेक्षा भाषा शिकण्याच्या क्षमतेशी अधिक दिसला.

काय करावे?

• रोज ठरलेली वीस मिनिटे द्यावीत, शक्यतो पाळीच्या सुरुवातीला. पहिले लक्ष्य छोटे असावे. एका सळईचे फेसिंग पुरे. जॉब ओळखीचा आणि भाषा तेवढी नवी ठेवावी.

• आधी संगणकावरील सिम्युलेटरवर, मग जॉब न लावता मशीनवर चालवून पाहावे. टूल चकवर आदळण्याची भीती मनात असेपर्यंत डोक्यात काही शिरत नाही.

• वहीत दोन रकाने करावेत, जुना शब्द आणि नवा शब्द. ‘जी७१’सारखे चकवे लाल शाईने लिहावेत.

• मॅन्युअल पुन:पुन्हा वाचण्यापेक्षा ते मिटून प्रोग्रॅम आठवून लिहावा. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तीन दिवसांनी पुन्हा. आठवण्याचा प्रयत्न केला की स्मृती पक्की होते.

• झोप कापून अभ्यास करू नये. दिवसा शिकलेले झोपेत मुरते. रात्रपाळीच्या आठवड्यात नवा धडा न घेता जुनाच घोटावा.

• वर्गात बसून शिकणे सोयीचे वाटत असेल, तर चिकलठाणा एमआयडीसीतच इंडो-जर्मन टूल रूम ही केंद्र सरकारची संस्था आहे. तिथे सीएनसी प्रोग्रॅमिंगचे अल्प मुदतीचे अभ्यासक्रम चालतात.

तपासण्या विसरू नका

कधीकधी भाषा अवघड नसते, चष्म्याचा नंबर बदललेला असतो. फॅनुकच्या अनेक मशीनवर ‘५०’ पुढचा टिंब राहिला, तर पन्नास मिलिमीटरचे पन्नास मायक्रॉन होतात. तो टिंब दिसला तर पाहिजे! चाळिशीनंतर जवळचे अंधूक होते आणि वाचनाचा चष्मा स्क्रीनच्या अंतराला पुरतोच असे नाही. नेत्रतज्ज्ञांना स्क्रीन किती अंतरावर असते, ते मोजून सांगावे.

लक्ष खरोखरच लागत नसेल, तर रक्तदाब, साखर, थायरॉइड आणि बी१२ जीवनसत्त्व तपासून घ्यावे. मोठ्याने घोरणाऱ्या आणि दिवसा पेंगणाऱ्या माणसाने झोपेतील श्वासाच्या अडथळ्याबद्दल डॉक्टरांशी बोलावे. छातीत धडधड किंवा दुखणे असेल, तर ‘टेन्शन असेल’ म्हणून घरी बसू नये, आधी हृदयाची तपासणी करावी. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, झोप न लागणे किंवा कामावर जाण्याचीच भीती राहिली, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात कमीपणा नाही.

आणि एक गोष्ट मालकांसाठी. ‘पंधरा दिवसांत’ असे सांगून माणूस लवकर शिकत नाही, लवकर लपतो. शिकण्याची वीस मिनिटे पाळीच्या वेळेतच द्यावीत. काकांच्या जोडीला एक तरुण द्यावा. तो त्यांना नव्या कंट्रोलरची बटणे दाखवील, काका त्याला कटचा आवाज ऐकून टूल झिजले कसे ओळखायचे ते दाखवतील. ती ओळख मॅन्युअल वाचून येत नाही. काका मागच्या मागे बाजूला झाले, तर तीही त्यांच्याबरोबर जाईल.