वारा पडला की घारी निघतात!

फॅमिली ट्रिपला स्पेनला गेलात, ऑगस्टमध्ये तारिफाच्या बीचवर पोहोचलात आणि नेमका ‘लेव्हान्ते’ सुटला तर? हा पूर्वेचा वारा म्हणजे डोळ्यांत वाळू, पोहणं बंद आणि आई-बाबा वैतागलेले. अशा वेळी मोबाइल खिशात टाका आणि वर बघा. तुमच्यासारख्याच घारी आणि पांढरे करकोचेही तिथे अडकलेले असतात.

समोर आफ्रिका जेमतेम १४ किलोमीटरवर. पण हे पक्षी फारसे पंख न मारता, जमिनीवरून वर चढणाऱ्या गरम हवेवर तरंगत जाणारे. समुद्रावर ती मिळत नाही. त्यात जोराचा वारा असेल तर दमून पाण्यात पडायची भीती. म्हणून ते थांबतात. त्यांच्यात याच वर्षी जन्मलेली पिल्लंही असतात, त्यांचा हा पहिलाच प्रवास!

वारा पडला की थवेच्या थवे निघतात. त्या सकाळी आई-बाबांना लवकर उठवा. दुर्बीण एकच असली तरी चालेल, आळीपाळीनं बघा. घार तर आपण गच्चीवरून रोज बघतो. तीच समुद्र ओलांडताना एकदा बघितलीत, की घरच्या घारीकडेही तुम्ही मान वर करून बघाल.